मधली मोकळी जागा

बसा.

परतवाड्याच्या कडेची ही एक गच्ची. माघ सरत आलाय. ऊन उतरलंय, पण सिमेंट अजून कोमट आहे.

तळहात टेकवून पाहा. हे कोमटपण हाताला लक्षात राहू द्या.

आता उत्तरेकडे तोंड करा.

डोळ्यांना लगेच लांब धाडू नका. आधी जवळचं येऊ द्या. पाण्याची काळी टाकी. शेजारच्या गच्चीवर, जुन्या चादरीवर वाळत घातलेल्या मुगवड्या. एक कडुनिंब, त्यात पोपटांची कलकल. त्यापलीकडे संत्र्याचे बगीचे. हरभऱ्याचं हिरवं. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्यांचं तपकिरी.

त्याच्याही पलीकडे थोडी धूळ, थोडा धूर.

आणि धुरावर एक निळी रेघ.

तो गाविलगडचा डोंगर. इकडे वाढलेल्या माणसाला ही रेघ पाठ असते. शेतात वाकलेली पाठ सरळ केली की ती समोर असते. लहानपणी वाटतं, जग तिथे संपतं.

रेघेवर चिखलदरा आहे, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास. तुम्ही बसलात ते मैदान चारशेच्या आसपास. मधे चढ आहे, घाट आहे, साग आहे. रस्ता वळणं घेत घेत वर जातो.

आपण रस्त्यानं जाणार नाही. सरळ जाणार आहोत.

एक श्वास घ्या. सावकाश सोडा.

रेघेवरचा एक ठिपका निवडा. कोणताही. त्याच्यावर नजर टेकवा, दाबू नका. पाखरू फांदीवर टेकतं तेवढीच.

त्या ठिपक्याशी एक माणूस उभा आहे. त्याच्याजवळ लोखंडी पाइपावर बसवलेली एक डिश आहे. तशीच दुसरी या गच्चीवर, तुमच्या डाव्या हाताला आहे. परातीपेक्षा थोडी मोठी. तिचे नट अजून सैल आहेत.

या दोन डिश एकमेकींकडे नीट तोंड करून बसल्या, की कड्यामागच्या एका ढाण्यावरच्या शाळेला इंटरनेट पोचवता येईल. ढाणा म्हणजे कोरकूंची वस्ती. कड्यावरून पुढे तिथवर आणखी एक छोटी उडी घ्यावी लागेल. ती उद्याची गोष्ट.

आजची गोष्ट एवढीच. ही गच्ची. तो ठिपका. मधले वीस किलोमीटर.

मधे तार नाही.

मधे काय आहे ते पाहू.

डोळ्यापासून ठिपक्यापर्यंत एक धागा ताणलाय, असं धरा. ताठ, बारीक, उजेडात चमकणारा.

आता तो धागा सोडून द्या. कारण रेडिओच्या लाटेला धाग्याएवढी वाट पुरत नाही. तिला अंग आहे.

चरखा पाहिलाय? त्याची चाती आठवा. चातीवर सूत भरत आलं की त्याची कुकडी होते, दोन्ही टोकांना निमुळती, पोटात फुगलेली. कापसाच्या मुलखात हा आकार हाताला ओळखीचा असतो.

ती कुकडी मनात धरा. आता लांब करा. वीस किलोमीटर लांब. एक टोक या डिशमध्ये. दुसरं कड्यावरच्या डिशमध्ये.

बरोबर मधोमध ती केवढी फुगते? मध्यरेषेपासून वर १६ मीटर. खाली १६ मीटर. डावीकडे, उजवीकडे तेवढीच. वर पाच मजले, खाली पाच मजले, आणि सगळीकडून गोल.

हिला फ्रेनेल झोन म्हणतात. आपली लाट ५.८ गिगाहर्ट्झची आहे, म्हणून हा आकडा. तिची लांबी पाचेक सेंटिमीटर, उमललेल्या बोंडाएवढी.

बोंडाएवढी लाट. तिला दहा मजल्यांची मोकळीक लागते.

इथे थोडं थांबा. हे मनात मुरू द्या.

कुकडीचा सगळाच घेर रिकामा मिळतो असं नाही. पण आतला साठ टक्के गाभा तरी मोकळा हवा, असा या कामातला जुना दंडक आहे. म्हणजे मधोमध रेषेभोवती दहा मीटर. तेवढ्यात झाड नको, टाकी नको, नव्यानं चढणारा मजला नको.

नुसतं दिसणं पुरत नाही. दिसण्याच्या भोवतीही जागा लागते.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता त्या कुकडीच्या आतून हळूहळू चालत जाऊ.

गच्ची सुटते. काळी टाकी डाव्या अंगाला राहते, अगदी खेटून. बरं झालं. कडुनिंबाचा शेंडा खाली राहतो. पाखरांचा एक थवा आरपार निघून जातो. त्याचं काही नाही, तो थांबत नाही.

खाली बगीचे. पाण्याची पाळी दिलेली ओली सरी. मोटारीचा आवाज, मग तोही नाही.

मैदान खाली खाली जातं. आपण चढत नाही आहोत, तरी उंच होत चाललो आहोत. रेषाच तशी तिरकी आहे. मधोमध आलो, तेव्हा पायाखाली शेकडो मीटर नुसती हवा आहे.

इथे कुकडी सगळ्यात जाड आहे. आणि इथेच तिला अडवणारं काही नाही.

इथे थोडा वेळ राहा. वर आभाळ, खाली धूसर. कुणाचं शेत नाही, कुणाचं वन नाही. नकाशावर या जागेला नाव नाही.

पुढे डोंगर जवळ येतो. निळा राहत नाही. आधी राखाडी होतो, मग तपकिरी, मग त्यात झाडं दिसू लागतात. एकेक.

साग.

कड्याला अर्धा किलोमीटर उरलाय. कुकडी निमुळती होत आली, तरी अजून मध्यापासून पाच मीटर जाड आहे. आणि इथे, अगदी शेवटाशी, सागाचे शेंडे तिच्यात डोकं घालून उभे आहेत.

वीस किलोमीटर मोकळे. अडचण शेवटच्या पाचशे मीटरांत.

सागाजवळ थांबू या. मला इथे थांबायचंच आहे.

मागे एकदा मी एप्रिलात अशाच एका कड्यावर गेलो होतो. सागाला पान नव्हतं. फांद्यांच्या जाळीतून सगळं मैदान दिसत होतं. दुर्बिणीतून खालची गच्ची दिसली, गच्चीवरचा माणूस दिसला, त्यानं हलवलेला टॉवेल दिसला. मी वहीत लिहिलं : मोकळं.

लिंक लागली. सिग्नलचा आकडा चांगला होता.

मग मृग आला. आर्द्रा आल्या. आकडा रोज थोडा खाली. कुणी काही हलवलं नव्हतं. नट घट्ट होते, वायर शाबूत होती. श्रावणात लिंक गेली.

मी वर गेलो, आणि उभा राहून पाहिलं. साग पानावर आला होता. एकेक पान सुपाएवढं. खडबडीत, जाड, पाण्यानं जड झालेलं. मैदान नाहीसं झालं होतं. पाऊस थांबला होता, तरी झाडाखाली टपटप चालूच होती.

सागाचं कोवळं पान बोटांत चोळून पाहा. बोटं लाल होतात. एवढा रस त्यात असतो.

ते पाणीच लाट पिऊन टाकतं. एक पान थोडं. दुसरं थोडं. शेंडाभर पानं, मग काही उरत नाही.

झाड तोडायचा प्रश्नच नव्हता. मेळघाट १९७३-७४ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आलं. इथलं झाड कुणाच्या आकड्यासाठी उभं नाही. आम्ही पाइप उचलला आणि ऐंशी पावलं पुढे, उघड्या खडकावर नेला. तिथे साग रुजत नाही.

तेव्हापासून मी जागा दोनदा पाहतो. एकदा पानगळीत, एकदा श्रावणात.

आत्ता, या माघात, डोळे मिटा. समोरच्या उघड्या झाडांना पानं फुटू द्या. एकेक करून. पालवी. मग हात. मग सूप.

पाहा, काय दिसेनासं होतं.

हळूच डोळे उघडा.

धुक्याचं मात्र उलटं आहे. पावसाळ्यात चिखलदऱ्यावर धुकं उतरतं तेव्हा दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. पण आपली लाट त्यातून निघून जाते, जवळजवळ जशीच्या तशी. धुक्याचे थेंब तिच्यापुढे फार बारीक. पावसाचाही तिला फारसा त्रास नाही. तो त्रास दहा गिगाहर्ट्झच्या वरच्या लाटांना.

उघड्या जाळीतून डोळ्याला दिसतं, तिथे उद्या लाट अडते. धुक्यात डोळा अडतो, तिथून लाट जाते.

म्हणून डोळ्यानं पाहायचं, आणि मग डोळ्याचं पूर्ण खरं मानायचं नाही.

नकाशाचंही तसंच. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानानं ११ दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारनं जमिनीची उंची मोजली. आज कुणीही घरबसल्या या गच्चीपासून त्या कड्यापर्यंतचा उभा छेद काढू शकतो. डोंगर त्यात आहे. यंदाचं पान त्यात नाही.

आता जरा दक्षिणेकडे वळा. पाठ डोंगराला.

समोर नुसतं सपाट. काळी जमीन, खारपाणपट्टा, कुठेतरी पूर्णा. ही सपाटी मैलोन्‌मैल तशीच जाते. अमरावती डाव्या हाताला, अकोला उजव्या हाताला, दोन्ही नजरेच्या पार.

त्या दोन शहरांत सरळ रेषेत ऐंशीच्या वर किलोमीटर आहेत. मधे डोंगर नाही. तरीही एका उडीत जमत नाही.

मधे पृथ्वी येते.

ती गोल आहे. ऐंशी किलोमीटरच्या रेषेत मधोमध ती सुमारे ९५ मीटर फुगून वर येते. त्यावर कुकडीची जाडी. एवढे उंच टॉवर कोण उभारणार? मग मधे कुठेतरी टेकायचं. मूर्तिजापूर जवळजवळ मध्यावर आहे. आगगाडीही तिथे टेकते.

या मैदानाचा फुगवटा पायांना कधी कळत नाही. आत्ता पाहा, कळतो का. तळपाय टेकवा. मागे डोंगर, पुढे जमीन, आणि ती अगदी हळू, अगदी थोडी, तुमच्यापासून खाली वळत चाललेली.

हवासुद्धा रेषेला वाकवते. खाली दाट, वर विरळ, म्हणून लाट किंचित जमिनीकडे झुकते आणि क्षितिजापलीकडे थोडी जास्त पोचते. ९५ मीटरच्या हिशेबात ते झुकणं धरलेलं आहे.

दोनशे वर्षांपूर्वी हे झुकणं देश मोजणाऱ्या माणसांनी रात्री पाहिलंय. देशाच्या मोजणीची लांबच लांब रेषा दक्षिणेतून वर येत होती. ती आखणारे लॅम्टन जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले. जॉर्ज एव्हरेस्ट यांनी काम हाती घेतलं आणि रेषा वऱ्हाडातून पुढे नेली. दिवसा क्षितिजाखाली बुडालेला लांबचा दिवा रात्री थंड हवेत वर उचलला जातो, हे एव्हरेस्ट यांच्या ध्यानात आलं होतं. मग ते रात्री पाहू लागले.

एका टेकडीवर दिवा घेऊन बसलेला माणूस. दुसऱ्या टेकडीवर दुर्बिणीला डोळा लावलेला. मधे काळोखी रात्र.

दिवा धरून बसलेल्यांची नावं फारशी कुठे लिहिलेली नाहीत. त्यांच्यासाठी एक श्वास.

पुन्हा उत्तरेकडे वळा.

रेघ आता जांभळी झालीय. ऊन तिच्या पश्चिम टोकाला लागलंय.

तिच्या मागे मेळघाट. घाटांचा मेळ. एका डोंगराआड दुसरा, त्याच्याआड तिसरा. तिथल्या कितीतरी गावांत फोन लागत नाही. अशा भागाला सरकारी कागदात शॅडो एरिया म्हणतात. सावलीचा भाग.

हा शब्द मला लागतो. डोंगराची सावली उन्हाची असते तशी लाटेचीही असते. त्या सावलीत माणसं राहतात. बाळंतीण असते. तिला न्यायला गाडी हवी, हे सांगायला कुणीतरी चढावर पळत जाऊन हात उंच करून फोन धरतं.

त्या उंच केलेल्या हाताकडे पाहा. बोलू नका.

ज्याच्या नावानं ही कुकडी ओळखली जाते तो फ्रेनेल रस्ते आणि पूल बांधणारा इंजिनियर होता. फ्रान्सचा. कामातून वेळ मिळेल तेव्हा तो सावलीची कड न्याहाळायचा. कड धारदार नसते, तिथे उजेडाच्या बारीक पट्ट्या असतात, हे त्यानं मोजलं, आणि १८१८ मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे आपला निबंध ठेवला. परीक्षकांत प्वासाँ होते. ते म्हणाले, हे खरं असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मधोमध उजेडाचा ठिपका दिसायला हवा, आणि असं कसं होईल? दुसरे एक परीक्षक आरागो यांनी करून पाहिलं.

ठिपका होता.

सावलीच्या मधोमध, जिथे सगळ्यात काळोख असायला हवा, तिथे. चकतीच्या कडेला वळसा घालून सगळीकडून आलेला उजेड तिथे एकत्र झाला होता.

फ्रेनेल ३९ वर्षांचा असताना, १८२७ मध्ये गेला.

तो ठिपका डोळ्यांपुढे आणा. त्याला मोठा करू नका. आहे तेवढाच राहू द्या.

डोंगराच्या कडेवरूनही लाट अशीच थोडी वळते. आपली बोंडाएवढी लाट फारच थोडी; लांब लाटा जास्त. ढाण्यापर्यंत नुसत्या वळण्यावर पोचता येत नाही. म्हणून कड्यावर माणूस उभा आहे.

आता ऐकू या.

चिखलदऱ्याला पंचबोल नावाची जागा आहे. दरीच्या तोंडाशी उभं राहून हाक मारली की डोंगर हाक परत देतात, एकामागून एक. तुमचाच आवाज, थोडा उशिरानं, थोडा बारीक होऊन.

लाटेचंही असंच होतं. एक सरळ येते. दुसरी खडकावर आपटून, तिसरी ओल्या शेतावरून. सगळ्या एकच शब्द आणतात, पण एका वेळी नाही. कधी त्या एकमेकींना उचलून धरतात. कधी एकमेकींना पुसून टाकतात.

हाक मारण्याआधी ऐकावं लागतं. डिश सुरू करून, काहीही न पाठवता, नुसतं ऐकायचं. या पट्ट्यात कोण कोण बोलतंय. गावातले वायफाय. कुणाची तरी दुसरी लिंक.

ते सगळे गप्प झाले तरी एक गुणगुण उरते.

तळहात पुन्हा सिमेंटवर ठेवा.

हे कोमटपण. जे जे गरम आहे ते ते सतत, अगदी मंद, रेडिओच्या लाटा सोडत असतं. हे सिमेंट. ती माती. तुमचा तळहात. डिशच्या मागच्या यंत्रातली तारसुद्धा. १९२८ मध्ये जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी या गुणगुणीचा हिशेब मांडला. ती बंद करता येत नाही. गरम असणं म्हणजेच ती असणं.

तिच्यावरून, तिच्यापेक्षा मोठ्यानं, वीस किलोमीटरवरून आलेला शब्द ओळखायचा.

केवढा असतो तो? एका वॉटचे हजार कोटी भाग करा. त्यातले एक-दोन.

एवढंसं. आणि ते पुरतं.

अंधार पडतोय. डोंगरावर एक दिवा लागला. मग दुसरा. तुम्ही निवडलेला ठिपका अजून तिथेच आहे का, पाहा.

पाना हातात घ्या. लोखंड गार झालंय. दुसऱ्या हातात फोन. कड्यावरच्या माणसाला खालच्या टॉवरची रेंज येते. कड्यामागे येत नाही.

ही डिश समोर सहा अंशांच्या अरुंद फटीतून पाहते. इथे एक अंश हललं की तिकडे साडेतीनशे मीटर सरकतं. म्हणून हात केसभर हलवायचा. हलवला की थांबायचं. आकडा बसू द्यायचा.

“भाऊ, जरासं डाव्या अंगाला घ्या.”

घेतलं.

आकडा चढतो. उणे ९०. उणे ८६. उणे ८४. मग उतरू लागतो.

“झालं काय भाऊ?”

नाही. हे खोटं शिखर आहे. डिशच्या मुख्य झोताच्या बाजूला लहान झोत असतात. त्यातल्या एखाद्यात सापडलो की असंच वाटतं, लागलं. आकडा उतरू द्या. हात पुढे न्या. खाली जाणारा आकडा पाहत, न घाबरता, आणखी थोडं.

उणे ९३.

काहीच नाही.

श्वास घ्या. केसभर पुढे.

उणे ८०.

उणे ७४.

हात आपोआप हळू होतो. त्याला होऊ द्या.

उणे ७०. उणे ६८.

उणे ६८.

खाली गल्लीत कुणीतरी गाईला हाक मारतंय. मुगवड्यांची चादर कधीच उचलून नेलीय. सिमेंट आता गार आहे. समोर डोंगर दिसत नाही, फक्त त्याचे दिवे.

मधे वीस किलोमीटर काळोख आहे. त्यात ती कुकडी आहे. दिसत नाही, वजन नाही, आवाज नाही. तिच्या खालून गाडी जातेय. तिच्यातून एखादं वटवाघूळ जात असेल.

फोनवर वरच्या वाऱ्याचा आवाज येतो. तिकडे थंडी जास्त आहे.

“भाऊ, हात काढू आता?”

“थांबा. नट आवळतो. हलू नका.”

“नाही हलत.”